ठिपके दिसले की बाटली उपडी करू नका : लोच आणि कोरीच्या टाकीतल्या चुका

डिसेंबर लागला की नागपुरात दुपारी ऊन आणि पहाटे कडाक्याची थंडी सुरू होते, आणि त्यापाठोपाठ मला फोन सुरू होतात. "काका, माशांवर रवा सांडल्यासारखं दिसून राहिलं." पांढरे ठिपके, म्हणजे इक, एका सूक्ष्म परजीवी जीवामुळे होणारा रोग. रोग बरा होण्यासारखा आहे. तरीही लोच, कोरी, ब्लॅक घोस्ट यांसारखे नाजूक कातडीचे मासे दर वर्षी मरतात, आणि बहुतेक वेळा ते रोगाने नाही, घाईघाईत ओतलेल्या औषधाने मरतात.

क्लाउन लोचचे खवले इतके बारीक आणि कातडीत रुतलेले असतात की ते नसल्यातच जमा. कोरीच्या अंगावर हाडांच्या पट्ट्या असतात, पण पोट उघडंच. गप्पी ज्या मात्रेत आरामात पोहतो, त्या मात्रेत यांची कल्ल्यांची कातडी भाजते. म्हणून पहिली चूक मात्रेची, आणि ती मी स्वतः केलेली आहे.

माझी टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. आत सहा वर्षं सांभाळलेले पाच क्लाउन लोच. एका जानेवारीत त्यांच्यावर ठिपके आले. मी फुटांचा गुणाकार करून 191 लिटर काढले आणि मॅलाकाइट ग्रीनचं हिरवं औषध बाटलीवर लिहिलं होतं तसं पूर्ण टाकलं. दुकानदारही म्हणाला होता, "पूर्ण टाका, अर्ध्याने काही होत नाही." पण टाकी वरून दोन इंच रिकामी होती, खाली दोन इंच रेती होती, वर लाकूड आणि दगड. खरं पाणी जेमतेम 150 लिटर. लोचला अर्धी मात्रा द्यायची, म्हणजे 75 लिटरपुरतं औषध पुरे होतं. मी अडीचपट टाकलं.

रात्री ते आडवे पडलेले दिसले. क्लाउन लोच आडवे होऊनच झोपतात, म्हणून मला काही वाटलं नाही. कल्ले किती वेगाने हलताहेत हे मी वाकून पाहिलं नाही. खायला टाकलं की ते टक् टक् आवाज करायचे, तो सकाळी आलाच नाही. तीन गेले होते. उरलेले दोघे वाचले ते निम्मं पाणी बदलून, फिल्टरमध्ये नवीन कार्बन घालून आणि हवेचे बुडबुडे सोडणारे दोन एअर स्टोन चालवून.

तेव्हापासून माझी सवय अशी : टाकी पहिल्यांदा भरताना पंधरा लिटरच्या बादल्या मोजायच्या आणि खरा आकडा काचेच्या मागच्या बाजूला मार्करने लिहायचा. मात्रा त्याच आकड्यावर काढायची, मग निम्मी करायची. औषध ड्रॉपरने किंवा सिरिंजने मोजायचं, टाकीतल्याच मगभर पाण्यात विरघळवून फिल्टरच्या धारेत हळूहळू सोडायचं. तेही सकाळी, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येतं. रात्री झोपायच्या आधी कधीच नाही. "एक ढक्कन" हे माप मला मान्य नाही. हातात मोजेही घाला, मॅलाकाइट ग्रीन माणसालाही चांगलं नाही.

औषध टाकण्याआधी फिल्टरमधला काळा कार्बन काढा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. स्पंज मात्र राहू द्या, फिल्टर बंद करू नका.

दुसरी चूक म्हणजे ठिपके गेले की औषध थांबवणं. याबद्दल मला खरंच चीड येते, कारण किती वेळा सांगितलं तरी पोरं ऐकत नाहीत. या जीवाचं शास्त्रीय नाव इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस. त्यातल्या मल्टिफिलिसचा अर्थ पुष्कळ लेकरांचा. दिसतो तो ठिपका कातडीच्या आत दडलेला असतो, तिथे औषध पोचत नाही. तो मोठा होऊन गळतो, रेतीला चिकटतो, तिथे फुटून त्याची शेकडो पिल्लं पाण्यात सुटतात. त्यांना साधारण दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. औषध मारतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणजे ठिपके गळून पडले, तेव्हा खरी लढाई रेतीत सुरू झालेली असते.

शिवाय हे चक्र तापमानावर चालतं. 28 अंशांना ते काही दिवसांत पुरं होतं. आपल्याकडे जानेवारीत हीटरशिवाय ठेवलेल्या टाकीचं पाणी 18 अंशांवर उतरतं, तेव्हा तेच चक्र आठवड्यांवर लांबतं. अशा पाण्यात पाच दिवसांचा कोर्स करून काय होणार? मानेवाड्याच्या एका मुलाने असाच कोर्स केला, सहाव्या दिवशी "गेलं काका" म्हणाला, आणि दोन आठवड्यांनी सगळी टाकी पांढरी झाली. मी हीटरने पाणी 28 वर स्थिर ठेवतो, रोज सायफनने रेतीतली घाण ओढतो, आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही सात दिवस उपचार चालू ठेवतो. कल्ल्यांतले ठिपके आपल्याला दिसत नसतात.

गरम पाण्याचा उपाय सगळ्यांना चालत नाही. क्लाउन लोच 30 अंश सोसतो, पण दिवसाला एक-दोन अंशच वाढवा. गोल्डफिशला आणि थंड पाण्यातल्या कोरींना इतकं तापवू नका. 20 अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसातच, आणि फॉर्मलिन असलेलं औषध तोही कमी करतं. एअर पंप चालू नसेल तर हीटर वाढवायचा नाही आणि औषधही टाकायचं नाही.

काही जण या रोगावर मीठही वापरतात. ते टाकायचं तर मगात पूर्ण विरघळवून टाका, खडा लोचच्या अंगाला लागला तर भाजतं. मीठ उडून जात नाही, म्हणून आटलेलं पाणी भरताना पुन्हा मीठ नको.

तांब्याचं औषध या माशांना नकोच. बोअरचं पाणी जड म्हणून तुम्ही आरओचं वापरत असाल तर मुळीच नको, मऊ पाण्यात तांबं जास्त विषारी होतं. गोगलगाई आणि कोळंबीही त्याने मरतात.

दोन औषधं एकत्र करू नका. मेथिलिन ब्लू हे निळं औषध फक्त वेगळ्या टबात वापरा, मुख्य टाकीत ते फिल्टरमधले पाणी साफ ठेवणारे जिवाणू मारतं. नर गोल्डफिशच्या फक्त कल्ल्यांच्या झाकणावर ठिपके असतील तर ती विणीची खूण आहे, औषध लागत नाही.

आणि नवीन मासा थेट टाकीत सोडू नका. माझ्याकडे गॅलरीजवळ दोन फुटी साधी टाकी आहे : एक स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पाइपचा तुकडा, रेती नाही. सीताबर्डीहून आणलेला मासा कितीही देखणा असो, चार आठवडे तिथेच राहतो. तिची जाळी आणि पाइप वेगळे आहेत. मोठ्या टाकीत हात घालायचं काम आधी उरकतो, मग तिच्याकडे वळतो.