कंपनीचा ट्रक लीजवर घेताय? आधी उभ्या गाडीचा हिशेब मांडा

"महिन्याला साडेतीन लाखांचा धंदा आहे या गाडीवर. चार वर्षांनी गाडी तुझ्या नावावर." कळंबोलीत एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या मुनीमजींनी मला हे सांगितलं, तेव्हा ते खोटं बोलत नव्हते. धंदा खरंच तेवढा होत होता. तरीही सतराव्या महिन्यात गाडीची किल्ली त्यांच्या ड्रॉवरमध्ये परत गेली आणि माझ्या हातात राहिला गुलाबी कागदावरचा हिशेब, खाली लाल पेनाने लिहिलेला: 'येणे बाकी'. म्हणजे मी त्यांना देणं.

त्यानंतर तीन वेळा लीजवर गाड्या घेतल्या, चालवल्या, नीट परत केल्या. हेवीचं लायसन्स आहे आणि गाडीचं काम कळतं असं धरून पुढचं लिहितोय.

कागद बघा

आरसी, फिटनेस, परमिट, इन्शुरन्स, पीयूसी एम-परिवहन ॲपवर पाच मिनिटांत दिसतात. गाडी आठ वर्षांच्या पुढची असेल तर फिटनेस दरवर्षी करावं लागतं. ते दोन-तीन दिवस आणि तो खर्च कोणाचा, हे आधीच विचारा. आरसीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा आहे का, तेही बघा. असला तर तुम्ही कंपनीला वेळेवर पैसे देऊनही, कंपनीने तिचा हप्ता थकवला तर गाडी उचलायला येणारा माणूस तुमच्या दारात येतो.

लीज आहे की हायर-पर्चेस, ते ठरवून घ्या

"गाडी शेवटी तुझीच" हे तोंडी असेल तर ते विसरा. हायर-पर्चेस, म्हणजे सगळे हप्ते फिटले की गाडी तुमची, असा व्यवहार असेल तर करारात शेवटचा हप्ता किती, कधी आणि त्यानंतर किती दिवसांत फॉर्म ३५ वर सही करून बोजा उतरवणार, हे छापलेलं हवं. नुसतं 'लीज' लिहिलं असेल तर तुम्ही भाडेकरू आहात, चार वर्षं भरा नाहीतर चौदा.

हिशेब महिन्याचा करू नका, दिवसाचा करा

मी इथेच बुडालो. सगळे सांगतात, हप्ता कमी करून घे, दोन हजारांसाठी भांड. पहिल्या वेळी मीही भांडलो, दोन हजार कमी करून घेतले आणि मोठा तीर मारल्यासारखा घरी पेढे घेऊन गेलो.

माझ्या वहीतलं गणित देतो. आकडे त्या वेळचे आणि त्या रूटचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. दहाचाकी गाडी, कळंबोली ते इंदूर आणि परत, साधारण १,२०० किलोमीटर. जाताना भाडं ३६,००० रुपये, परतीचं २४,०००. एकूण ६०,०००. कंपनीचं कमिशन १२ टक्के, म्हणजे ७,२०० गेले. लिटरला चार किलोमीटर धरून ३०० लिटर डिझेल, ९० रुपयांनी २७,०००. टोल ७,०००. माझी आणि क्लीनरची खुराकी २,५००. हमाली, वजनकाटा, पार्किंग आणि ज्याची पावती मिळत नाही ते सगळं मिळून २,५००. कंपनी किलोमीटरमागे २ रुपये 'मेंटेनन्स फंड' कापायची, ते २,४००. हातात राहिले ११,४०० रुपये, एका फेरीचे.

आता दुसरी बाजू. लीज ४८,००० आणि इन्शुरन्सचा वाटा ५,०००, महिन्याला ५३,०००. गाडी फिरो न फिरो, दिवसाला सुमारे १,७७० रुपये.

महिन्यात सहा फेऱ्या झाल्या तर ६८,४०० हातात, त्यातून ५३,००० गेले, उरले १५,४००. पाच झाल्या तर उरतात ४,०००. चार झाल्या तर ७,४०० खिशातून भरायचे. टायर, स्प्रिंगचे पाटे, क्लच प्लेट यातलं काहीही अजून धरलेलं नाही. आणि एवढं सगळं मी स्वतः स्टिअरिंगवर बसून. पगारी ड्रायव्हर ठेवायचा विचार करत असाल तर इथेच थांबा.

सहा आणि चार यांच्यातला फरक रस्त्यावर पडत नाही, उभ्या गाडीत पडतो. इंदूरला जायला-यायला चार दिवस लागतात. बाकीचे दिवस माल भरायची, उतरवायची आणि परतीच्या मालाची वाट बघण्यात जातात. एका फेरीला पाच दिवस लागले तर महिन्यात सहा फेऱ्या, सहा लागले तर पाच. तो एक जादा दिवस महिन्याला ११,४०० रुपये खातो आणि आपण हप्त्याच्या दोन हजारांसाठी घसा कोरडा करतो.

तुम्हाला माल देणारीही तीच कंपनी, भाडं घेणारीही तीच. तिच्याकडे काम नसलं तरी तिचे ४८,००० चालूच राहतात. ऑगस्टमध्ये, पाऊस झोडपत असताना, माझी गाडी कळंबोलीत नऊ दिवस उभी होती. रोज सकाळी ऑफिसात जायचो. मुनीमजी चहा मागवायचे. "दादा, माल येतोय, दोन दिवस थांब." बाहेर एका दलालाकडे सुरतचं भाडं तयार होतं, पण करारातल्या एका ओळीमुळे बाहेरचा माल भरायला बंदी होती. ती ओळ मी सही करताना वाचली होती. वाचली होती, कळली नव्हती. त्या नऊ दिवसांचे जवळपास सोळा हजार गुलाबी कागदावर पुढच्या महिन्यात ओढले गेले, त्याच्या पुढच्या महिन्यात एक टायर फुटला आणि मग ती बाकी कधी खाली आलीच नाही.

म्हणून हप्त्यावर एक शब्द बोलू नका. भांडायचं ते या गोष्टींसाठी.

गाडी खाली, म्हणजे रिकामी, झाल्याचं कळवल्यापासून ४८ तासांत माल दिला नाही, तर त्यापुढच्या दिवसांचं लीज माफ. ते नाही म्हणाले, तर निदान ४८ तासांनंतर बाहेरचा माल भरायची मोकळीक. दोन्हींना नकार देणाऱ्या कंपनीची गाडी मी घेत नाही, मग ती शोरूममधून कालच निघालेली असो.

गाडी खाली झाली की व्हॉट्सॲपवर वेळ टाकून कळवायचं: 'गाडी खाली, कळंबोली, सकाळी ९.४०'. तोंडी सांगितलेलं हिशेबाच्या दिवशी कोणाला आठवत नाही.

पार्टीकडे, म्हणजे मालवाल्याकडे, गाडी अडकली तर मिळणारं हॉल्टिंग, म्हणजे थांबल्याचे पैसे, पूर्ण तुमचं. कंपनी ते पार्टीकडून वसूल करते आणि आपल्यापर्यंत येईतो ते आटतं.

मेंटेनन्स फंडाची शिल्लक दर महिन्याच्या कागदावर लिहून हवी आणि करार संपल्यावर ती परत मिळेल असं कलम हवं. माझ्या फंडात सत्तर हजारांच्या वर उरले होते. किल्ली दिल्यावर विचारलं, तर उत्तर आलं की तो फंड गाडीचा होता, माझा नव्हता. करार पाहिला. त्यांचं बरोबर होतं.

मालक कोण, हे दोन कायद्यांत वेगवेगळं आहे

मोटार वाहन कायद्यात लीजवरची गाडी ज्याच्या ताब्यात, तो 'मालक'. अपघात झाला आणि इन्शुरन्स संपलेला निघाला तर भरपाईचा दावा तुमच्यावर येऊ शकतो. त्यामुळे प्रीमियम भरल्याची पावती स्वतःच्या डोळ्यांनी बघा. कापलेले ५,००० कंपनीने पुढे भरले असतीलच असं नाही. ओव्हरलोडचं तसंच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० आहे. माल कंपनी भरते, म्हणून 'काट्यावर जादा निघालं तर दंड कंपनीचा' हे लिहून घ्या.

आयकरात मात्र उलटं. हिशेबाच्या वह्या न ठेवता जड गाडीवर टनामागे महिना १,००० रुपये उत्पन्न धरण्याची जी सोय आहे, ती मालकाला मिळते. हायर-पर्चेसवाला त्यात मालक धरला जातो, साधा लीजवाला नाही. तेव्हा डिझेलच्या पावत्या फेकू नका.

परत करताना

ऑफिसातला माणूस सोबत घेऊन गाडीभोवती फिरा, टायरचे नंबर आणि किलोमीटरचे फोटो काढा, पोच घ्या. फास्टॅग तुमच्या खात्याला जोडलेला असेल तर त्याच दिवशी बंद करा. मी राहू दिला होता; गाडी सोडून चार दिवस झाले तरी खालापूरचा टोल माझ्याच खात्यातून कापला जात होता.