ओपन ॲक्सेस राबवताय? मग या चुका टाळा

दर ऑक्टोबरात ठरलेला फोन येतो. ‘मॅडम, ओपन ॲक्सेस सप्ताह आलाय, एखादं व्याख्यान द्याल का?’ मी विचारते, ‘तुमच्या रिपॉझिटरीत आज किती पेपर आहेत?’ रिपॉझिटरी म्हणजे संस्थेतले पेपर सर्वांना वाचायला खुले ठेवायचं ऑनलाइन भांडार. पलीकडे क्षणभर शांतता. मग, ‘रिपॉझिटरी आहे ना मॅडम, डीस्पेस सॉफ्टवेअर बसवलंय, उद्घाटनही दणक्यात झालं...’ म्हणजे रिकामी आहे. उद्घाटनाच्या दिवशी चढवलेले पंधरा-वीस पेपर, त्यातले निम्मे कुलगुरूंचे, आणि पुढे सगळं सामसूम.

व्याख्यानाला मी जाते, नाही म्हणत नाही. पण २००८ साली ज्याची सुरुवात एका दिवसाने झाली आणि २००९ पासून ज्याचा आठवडा झाला, तो उपक्रम बऱ्याच ठिकाणी फलक आणि फोटोंपुरताच उरला आहे. ओपन ॲक्सेस म्हणजे संशोधन सर्वांना मोफत वाचायला मिळणं, आणि हे कोणाला पटत नाही असं नाही. पटतं सगळ्यांनाच. घोडं अडतं ते एका साध्या फाइलपाशी, आणि त्या फाइलबद्दल व्याख्यानात कोणी बोलत नाही.

मिळेल ती पीडीएफ चढवणे

ही माझी लाडकी चूक, कारण ती मी स्वतः केली आहे.

कुठल्याही पेपरची तीन रूपं असतात. जर्नलला पहिल्यांदा पाठवलेलं. परीक्षकांच्या सूचनांप्रमाणे दुरुस्त होऊन स्वीकारलं गेलेलं. आणि प्रकाशकाने जुळणी करून, वर जर्नलचं नाव आणि पानांचे आकडे घालून छापलेलं. वर्गणीवर चालणारी बरीचशी जर्नलं मधलं रूप, म्हणजे लेखकाची स्वीकृत प्रत, विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत ठेवू देतात. कधी लगेच, कधी सहा महिन्यांनी, कधी वर्ष-दोन वर्षांनी. तिसरं, छापील रूप मात्र बहुतेक ठेवू देत नाहीत. आणि प्राध्यापकाकडे मागितलं की नेमकं तेच येतं, कारण ते सुबक दिसतं आणि हाताशी असतं.

सुरुवातीच्या वर्षांत आमच्या विद्यापीठाच्या लायब्ररीला वरून हुकूम आला: सत्र संपायच्या आत रिपॉझिटरी भरा. विभागांना पत्रं गेली, पेन ड्राइव्ह आले, दोन मुलं बसवली. रोज पंचवीस-तीस पीडीएफ चढत होत्या. मी दर शुक्रवारी आकडा वर कळवायचे आणि शाबासकी घ्यायचे. तिसऱ्या महिन्यात एका प्रकाशकाचं पत्र आलं. अतिशय सभ्य भाषा, आणि सोबत एक तक्ता. प्रत्येक ओळीत आमच्या एका पेपरची लिंक. शनिवार-रविवार बसून ते सगळं उतरवलं. सोमवारी खरा तमाशा सुरू झाला, कारण लोकांनी त्या लिंका आपापल्या बायोडेटात घातल्या होत्या. ‘लायब्ररीने माझा पेपर काढून टाकला’ ही वार्ता दुपारपर्यंत सगळ्या इमारतींत पोचली. प्रकाशकाचा कोणी उल्लेखही करेना.

मग आम्ही शहाणे झालो आणि स्वीकृत प्रती मागत फिरू लागलो. एका ज्येष्ठ सरांच्या खोलीत बसले होते. त्यांनी फोल्डर उघडलं. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल खरं’, ‘फायनल खरं नवीन’. मी विचारलं, ‘सर, यातली स्वीकारली गेलेली कुठली?’ सर म्हणाले, ‘मॅडम, तुम्हीच बघा ना.’ छापलेला पेपर शेजारी ठेवून परिच्छेद जुळवले, एक फाइल ठरवली, मुलाने ती तशीच्या तशी चढवली. आठ दिवसांनी एक विद्यार्थिनी हसू दाबत माझ्या टेबलाशी आली. फाइलच्या समासात सहलेखकांचे शेरे शाबूत होते. सातवा शेरा असा: ‘दुसऱ्या परीक्षकाने पेपर वाचलेलाच नाही. तो म्हणतोय तो संदर्भ घाल आणि विषय संपव.’ तोपर्यंत ती फाइल गूगल स्कॉलरवरही दिसू लागली होती.

तेव्हापासून प्रत्येक फाइल मी स्वतः उघडते. बदल स्वीकारते, शेरे पुसते, पहिल्या पानावर ‘लेखकाची स्वीकृत प्रत’ अशी ओळ आणि छापील पेपरचा डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ओळख क्रमांक, घालते, पीडीएफ करते आणि ती पीडीएफ शेवटच्या पानापर्यंत सरकवत बघते. नव्या मुलांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. वाटू दे.

दुसरी सवय वेळेची. दोन वर्षांपूर्वीच्या पेपरची स्वीकृत प्रत मागायला जाऊच नका, मिळत नाही. लॅपटॉप बदललेला असतो, सहलेखक देश सोडून गेलेला असतो. ज्या दिवशी ‘आपला पेपर स्वीकारला आहे’ अशी मेल येते, तो एकच दिवस असा असतो की लेखक आनंदात असतो आणि योग्य फाइल त्याच्या डेस्कटॉपवर असते. तीच मेल फाइल जोडून लायब्ररीकडे ढकला, एवढंच मी सांगते. शीर्षक, गोषवारा, सहलेखकांची नावं, ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा ओळख क्रमांक) हे सगळं आम्ही भरतो. फॉर्म देऊ नका. फॉर्म दिसला की प्राध्यापक पळतो. ‘लेखकांनी स्वतःच अपलोड करावं, त्याने मालकीची भावना येते’ असं कार्यशाळेतून ऐकून आलेले उत्साही सहकारी मला दर वर्षी भेटतात. त्यांच्या रिपॉझिटऱ्याही मी बघितल्या आहेत.

परवानगी तपासायची तर अंदाजाने नको. जर्नलांच्या परवानग्या नोंदवणाऱ्या शेर्पा रोमिओ या साइटवर, जिचं आता ओपन पॉलिसी फाइंडर असं नामकरण झालं आहे, जर्नलचं नाव घाला. कुठली प्रत, किती मुदतीनंतर, कुठल्या परवान्याखाली, सगळं दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे. त्यातला कंटाळा टाळायला लोक महिनाभराचं निस्तरणं ओढवून घेतात.

आणि मुदत संपेपर्यंत फाइल घ्यायला थांबू नका. आजच घ्या, कुलूप लावून ठेवा, उघडायची तारीख सॉफ्टवेअरमध्ये घाला. तुमच्या डायरीत नव्हे. डीस्पेस आणि ईप्रिंट्स या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये ‘प्रत मागा’ असं बटण असतं. कुलूप असतानाही वाचक तिथून लेखकाला विनंती करू शकतो. हे बटण बंद ठेवणारे महाभाग आहेत. का, ते मला आजवर कळलेलं नाही.

ओपन ॲक्सेस म्हणजे पैसे भरून छापणं, हा समज

फेब्रुवारी २००२ मध्ये ओपन ॲक्सेसचा बुडापेस्ट जाहीरनामा निघाला. त्यात वाटा दोन सांगितल्या होत्या: लेखकाने आपली प्रत स्वतः मुक्त ठेवायची, किंवा मुक्त जर्नलात छापायचं. लेखकाने पैसे भरलेच पाहिजेत असं त्यात कुठेही नाही. भौतिकशास्त्रवाले तर १९९१ पासून अर्काइव्ह (arXiv) या ऑनलाइन भांडारात आपले पेपर छापण्याआधीच फुकट ठेवत आले आहेत. तरीही आज कुठल्याही विभागात ‘ओपन ॲक्सेस’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो: ‘किती भरावे लागतात?’

२००३ साली स्वीडनच्या लुंड विद्यापीठात मुक्त जर्नलांची एक निर्देशिका सुरू झाली, डीओएजे. तिच्यात नोंद असलेल्या जर्नलांपैकी निम्म्याहून अधिक जर्नलं लेखकाकडून छदामही घेत नाहीत. त्यांचा खर्च विद्यापीठं, विद्वत्संस्था, ग्रंथालयं उचलतात. शोधताना ‘शुल्क नाही’ ही चौकट टिचकवली की यादी समोर येते. मी हे प्रत्येक बैठकीत दाखवते आणि प्रत्येक बैठकीत कोणीतरी म्हणतं, ‘अरे, असं पण असतं?’

या समजाचा खरा फायदा उठवतात ते बनावट जर्नलवाले. त्यांचं गिऱ्हाईक ठरलेलं: घाईत असलेला नवा संशोधक. एक मुलगा माझ्याकडे आला, चेहरा फुललेला. ‘मॅडम, ७२ तासांत स्वीकारला!’ मी म्हटलं, ‘परीक्षकांचे शेरे दाखव.’ शेरे नव्हतेच, फक्त पैसे कुठे भरायचे ते होतं. मी त्या जर्नलाच्या संपादक मंडळातल्या एका परदेशी प्राध्यापकांना साधी दोन ओळींची मेल टाकली. दुसऱ्या दिवशी उत्तर: आपलं नाव तिथे आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. मुलगा पेपर मागे घ्यायला निघाला, तर मागे घेण्याचंही शुल्क मागितलं. शेवटी भरलं काहीच नाही, पण पेपर त्यांच्या साइटवर अडकला आणि तोच मजकूर दुसरीकडे पाठवायची सोय उरली नाही. वर्षाची मेहनत तीन दिवसांच्या घाईपायी गेली.

काळ्या यादीवर विसंबू नका. अमेरिकन ग्रंथपाल जेफ्री बील यांची संशयास्पद जर्नलांची प्रसिद्ध यादी जानेवारी २०१७ मध्ये नेटवरून उतरली, तिच्या जुन्या नकला अजून फिरतात आणि लोक त्या वेदवाक्य मानतात. जर्नल पारखायला ‘थिंक चेक सबमिट’ या मोहिमेची प्रश्नावली बरी आहे. माझी स्वतःची पद्धत याहून गावठी आहे: त्या जर्नलातले जुने तीन पेपर उघडून खरंच वाचायचे. तिसऱ्यापर्यंत जायची वेळ सहसा येत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

रिसर्चगेटवर टाकलं म्हणजे झालं, असं समजू नका. ती संशोधकांनी आपले पेपर टाकायची खासगी कंपनीची साइट आहे, जतनाची हमी तुम्हाला कोणी दिलेली नाही. २०१७ मध्ये दोन बड्या प्रकाशकांनी तिच्याविरुद्ध खटला भरला आणि ढिगाने पेपर तिथून उतरले. तिथे ठेवायचं तर ठेवा, पण आधी घरच्या रिपॉझिटरीत.

परवाना न लिहिणे. नुसतं ‘मोफत वाचा’ म्हटल्याने पुढच्याला भाषांतर करायचा किंवा आकृती वापरायचा हक्क मिळत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या तयार परवान्यांपैकी कुठला, ते पानावर स्पष्ट लिहा. आणि भीतीपोटी सगळ्यांत कडक परवाना निवडू नका. त्यात भाषांतरही बसत नाही.

जुने प्रबंध स्कॅन करून नुसती चित्रं चढवणे. ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं, नसेल तर आतला एक शब्दही शोधात सापडत नाही.

आकडा फुगवायला नुसत्या नोंदी भरणे, आत फाइल नाहीच. हे करणाऱ्यांना मी काही सांगत नाही. त्यांना काय करताहेत ते पुरतं माहीत असतं.

धोरणाबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. ‘प्राध्यापकांनी आपले पेपर जमा करावेत अशी अपेक्षा आहे’ हे वाक्य मी इतक्या परिपत्रकांत वाचलं आहे की आता हसूही येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००५ मध्ये असंच ऐच्छिक धोरण आणलं, प्रतिसाद नगण्य होता. २००८ मध्ये कायद्यानेच ते सक्तीचं करावं लागलं. त्याच वर्षी हार्वर्डच्या कला आणि विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांनी स्वतः ठराव करून आपले पेपर खुले ठेवायचा हक्क विद्यापीठाला आधीच देऊन टाकला, नको असेल त्याला सवलत मागायची सोय ठेवून. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाने सगळ्यांत सोपी युक्ती केली: बढतीच्या वेळी तेच पेपर मोजायचे, जे त्यांच्या ऑर्बी रिपॉझिटरीत आहेत. शिक्षा नाही, दंड नाही, स्मरणपत्रांचा भडिमार नाही. तुमचं प्रशासन एवढं करायला राजी नसेल, तर फलक छापायचे पैसे वाचवा आणि त्यात एक अर्धवेळ माणूस नेमा, जो रोज स्वीकृतीच्या मेल बघेल.

मला व्याख्यानाला बोलावणारच असाल, तर सभागृह नको. संगणक असलेली एक खोली द्या आणि पाच प्राध्यापकांना त्यांच्या अलीकडच्या पेपरची स्वीकारलेली वर्ड फाइल घेऊन बसवा. मागच्या खेपेला असंच केलं होतं. पाचांपैकी फाइल सापडली दोघांकडे. दोन तासांत दोन पेपर चढले, शेरे पुसून.