बाळाला घेऊन युरोप: कमी गावं, जास्त ट्रेन

पहिला प्रश्न सगळ्यांचा हाच असतो, "एवढ्याश्या बाळाला घेऊन कशाला, त्याला काय कळणारे?" त्याला काही कळणार नाहीये, बरोबर आहे. ट्रिप आपल्यासाठी आहे. हे एकदा मनाशी मान्य केलं की निम्मा ताण तिथेच जातो, मग बाळाला आयफेल टॉवर दाखवायची धडपड राहत नाही.

माझं स्पष्ट मत: 10 दिवसात 7 देशवाला ग्रुप टूरचा हिशोब बाळासोबत डोक्यातून काढूनच टाका. एक गाव पकडायचं, फार तर दोन, तिथे किचन असलेलं घर घ्यायचं आणि तिथून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारख्या ट्रिपा मारायच्या. आणि पहिल्या वेळी जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड हा पट्टा घ्या. ट्रेन चांगल्या, बहुतेक स्टेशनांवर लिफ्ट आहेत, नळाचं पाणी पिता येतं, आणि म्युनिकहून साल्झबर्ग पावणेदोन तास, झुरिक साडेतीन-चार तास, व्हिएन्ना चार तास. पॅरिस, रोम, व्हेनिस कुठे पळून जात नाहीयेत. पॅरिसच्या मेट्रोत जिने जिने आणि जिने (फक्त 14 नंबरच्या लाइनला सगळीकडे लिफ्ट आहेत, नाहीतर सरळ बस घ्या), व्हेनिसला 400च्या वर पूल आणि बहुतेकांना पायऱ्या, स्ट्रोलर घेऊन गेलात तर नवरा-बायको मिळून पालखी उचलल्यासारखा तो उचलत बसाल.

वय विचाराल तर साधारण 5 ते 9 महिने बेस्ट. मान धरलेली असते, लसीचे 6, 10, 14 आठवड्यांचे डोस झालेले असतात आणि रांगायला अजून लागलेलं नसतं किंवा नुकतं लागलेलं असतं. दीड वर्षाचं पळणारं मूल विमानात 9 तास मांडीवर म्हणजे काय असतं ते ज्याचं त्याला माहीत. डॉक्टरांना तारखा सांगून विचारून घ्या, गोवराच्या लसीबद्दल मुद्दाम विचारा कारण आपल्याकडे पहिला डोस 9 महिन्यांना असतो आणि युरोपातही गोवराच्या साथी येतात.

कागदपत्रं. बाळाला स्वतःचा पासपोर्ट लागतो. त्यासाठी जन्मदाखल्यावर नाव चढलेलं हवं, बारशाच्या आधी काढलेल्या दाखल्यावर बऱ्याचदा नावाचा रकाना रिकामाच असतो, तो आधी महापालिकेत जाऊन भरून घ्या. अनेक्शर डी (पालकांनी द्यायचं घोषणापत्र) वर आई-बाबा दोघांच्या सह्या. 4 वर्षांखालच्या मुलाचा फोटो घरून काढून न्यावा लागतो, पांढऱ्या बॅकग्राउंडवर. पांढऱ्या चादरीवर बाळाला झोपवायचं, वरून फोटो काढायचा, डोळे उघडे हवेत आणि कोणाचा हात दिसायला नको. आजीने खुळखुळा वाजवायचा, बाबाने फोटो काढायचा, आईने बाजूला व्हायचं, नाहीतर बाळ आईकडेच बघतं.

शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून एकच चालतो तो) मोठ्यांचे 90 युरो आणि 6 वर्षांखाली फी शून्य, पण सेंटरचा सर्व्हिस चार्ज भरायला लागू शकतो तो वेगळा. 12 वर्षांखालच्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. बाळाच्या फॉर्मवर सही दोघा पालकांची. अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो आणि ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच देशाच्या व्हिसासाठी करायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीचे स्लॉट मिळता मिळत नाहीत तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीतच मागे लागा. इन्शुरन्स कमीत कमी 30,000 युरोचा लागतो आणि बाळाचं नाव त्यात हवंच, काही पॉलिसी अगदी तान्ही बाळं घेत नाहीत म्हणून वयाची अट वाचून मगच पैसे भरा.

विमान. मुंबईहून रात्रीची डायरेक्ट फ्लाइट घ्या, म्युनिक, फ्रँकफर्ट, झुरिक कुठलीही. स्टॉपवाली स्वस्त असते पण मध्यरात्री झोपलेलं बाळ उचलून दुसऱ्या टर्मिनलला पळायचं असेल तर ती बचत मला तरी नको. 2 वर्षांखाली मांडीवरचं तिकीट, साधारण मोठ्यांच्या भाड्याच्या 10 टक्के आणि वर टॅक्स. परतीच्या दिवशीही वय 2च्या आत हवं हे बघा, नाहीतर त्या बाजूला पूर्ण सीट घ्यावी लागते. बॅसिनेट म्हणजे पुढच्या भिंतीला लावतात तो पाळणा, तो तिकीट काढल्या काढल्या फोन करून मागायचा कारण थोडेच असतात, आणि वजनाची मर्यादा प्रत्येक एअरलाइनची वेगळी. त्यात बाळ मस्त झोपेल या भरवशावर राहू नका, सीटबेल्टची लाइट लागली की उचलून मांडीवर घ्यायला लागतं, आणि ती लाइट बाळ झोपलं की बरोबर लागते. टेकऑफ आणि लँडिंगला अंगावर पाजा किंवा बाटली द्या, गिळलं की कान मोकळे होतात. दूध, उकळून गार केलेलं पाणी, बाळाचं खाणं यांना 100 मिलीचा नियम नाही, प्रवासापुरतं नेता येतं, सिक्युरिटीला ते वेगळं काढून दाखवा, कधी बाटली मशीनमध्ये तपासतात. स्ट्रोलर विमानाच्या दारापर्यंत नेता येतो, पण उतरल्यावर तो दारात मिळेल का बेल्टवर ते विचारून ठेवा. पासपोर्ट कंट्रोलला ऑक्टोबर 2025 पासून नवीन एंट्री-एक्झिट सिस्टिम आलीये, बाळाचाही फोटो काढतात, आणि लाइन मोठी असेल तर बाळ दाखवून विचारायला लाजू नका, कितीतरी वेळा पुढे घेतात.

आता खाणं, यावरच आया सगळ्यात जास्त घाबरतात. भारतातून युरोपात दूध, तूप, पनीर, मांस असलं काही नेता येत नाही. सासूबाईंनी दिलेली साजूक तुपाची बरणी कस्टमला कचऱ्यात जाते, ती घरीच ठेवा. सूट फक्त बाळाच्या पावडर दुधाला आणि बेबी फूडला, माणशी 2 किलोपर्यंत, पण ते कंपनीचं सीलबंद आणि फ्रीजमध्ये ठेवावं न लागणारं हवं (वापरात असलेला डबा चालतो). नाचणी सत्त्व, मेतकूट, खिमटाची पावडर यात दुधाचं काही नसतं त्यामुळे ते नेता येतं, वेगवेगळ्या पिशव्यांत भरून वर इंग्लिशमध्ये नाव लिहा, पांढरी पावडर बघून कोणी विचारलं तर सांगायला सोपं. आणि तुपासाठी जीव टांगणीला लागला असेल तर जर्मनी-ऑस्ट्रियाच्या कुठल्याही सुपरमार्केटमध्ये लोण्याच्या शेल्फजवळ बुटरश्माल्झ नावाचा डबा शोधा. कढवलेलं लोणीच ते, वरणभातावर घातलं की झालं काम.

घर शोधताना किचन, लिफ्ट आणि वॉशिंग मशीन या तीनच गोष्टी बघा, व्ह्यू गेला उडत. जुन्या इमारतींना लिफ्ट नसते आणि तिकडे पहिला मजला म्हणजे आपल्यासारखाच तळमजल्याच्या वरचा. बाळाची कॉट बुकिंगच्या वेळीच मागून ठेवा. लहान कुकर नेणार असाल तर इंडक्शन बेसचा न्या, बऱ्याच घरांत गॅस नसतोच. मूगडाळ-तांदूळ तिथे मिळतात, हिंग-हळदीची पुडी मात्र घरून. बाहेर असताना हिप कंपनीच्या बेबी फूडच्या काचेच्या बरण्या सगळीकडे मिळतात, वर कितव्या महिन्यापासून द्यायचं ते आकड्यात छापलेलं असतं. ग्रीसब्राय म्हणून एक प्रकार येतो, रव्याची पातळ खीरच, आमच्या लेकीने घरच्या खिमटाकडे तोंड फिरवलं आणि ही बरणी चाटून पुसून खाल्ली. साखर घातलेली नाही ना ते लेबलवर बघून घ्या. रेस्टॉरंटमध्ये बरणी गरम करून मागितली तर देतात.

डायपरने अर्धी बॅग भरू नका. दोन दिवसांचे न्या, पुढचे जर्मनीत डीएम किंवा रॉसमन या दुकानांत घ्या, त्यांचे स्वतःच्या ब्रँडचे स्वस्त आणि चांगले असतात, पाकिटावर किलो लिहिलेले असतात. डीएमच्या बऱ्याच दुकानांत बाळाला बदलायचं टेबल असतं, तिथे एखादा डायपर आणि वाइप्स फुकट ठेवलेले असतात, फिरता फिरता भलत्या वेळी गरज पडली की हे दुकान मॅपवर शोधायचं. फक्त एक लक्षात ठेवा, रविवारी या तिन्ही देशांत दुकानं जवळजवळ सगळी बंद. शनिवारी संध्याकाळी दूध, डायपर, केळी बघून घ्या. अडलंच तर मोठ्या स्टेशनातली दुकानं उघडी असतात.

ट्रेन हीच खरी मजा. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड तिन्हीकडे 6 वर्षांखाली ट्रेन फुकट, युरेल पास घेतला तरी 4 खालच्या बाळाला पास लागत नाही. जर्मनीच्या आयसीई या वेगवान गाड्यांमध्ये लहान बाळांसाठी वेगळा बंद कप्पा असतो, क्लाइनकिंडअबटाइल, रिझर्व्हेशन करताना तो पर्याय निवडायचा. दार लावून घेता येतं, स्ट्रोलर आत उभा राहतो, खाली दुपटं पसरून बाळाला लोळवता येतं, आणि समोर दुसरी आई तेच करत असते त्यामुळे रडलं तरी कोणी बघत नाही. प्लॅटफॉर्मवर ए, बी, सी असे सेक्शन लिहिलेले असतात आणि कुठला डबा कुठे लागणार ते बोर्डवर किंवा अ‍ॅपमध्ये दिसतं, 10 मिनिटं आधी त्याच सेक्शनला जाऊन उभे राहा. गाडी थांबते 2-3 मिनिटं. आधी एकाने बाळ कॅरियरमध्ये घेऊन चढायचं, मग दुसऱ्याने स्ट्रोलर, मग बॅग. उलटं केलं तर बॅग आत, नवरा आत आणि तुम्ही बाळ घेऊन प्लॅटफॉर्मवर! म्हणूनच दोघांत मिळून एक मोठी बॅग आणि एक सॅक, त्यापेक्षा जास्त सामान नकोच. स्वित्झर्लंडच्या डबलडेकर इंटरसिटीत तर वरच्या मजल्यावर घसरगुंडीवाला फॅमिली डबा असतो, आपलं बाळ लहान असलं तरी मोठ्या पोरांचा गोंधळ बघत बसतं.

एअरपोर्टवरूनही ट्रेनच. टॅक्सीत कारसीटचा प्रश्न येतो. भाड्याची गाडी घेणार असाल तर कारसीट कायद्यानेच लागते, मांडीवर बाळ घेऊन बसायची आपली सवय तिथे चालत नाही, आणि नवीन प्रकारच्या सीटमध्ये 15 महिन्यांपर्यंत बाळ मागे तोंड करूनच बसवायचं. ट्राम-बसला ज्या दारावर स्ट्रोलरचं चित्र असतं तिथूनच चढा.

झोपेचं गणित सांगते. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक. घरी सकाळी 7ला उठणारं बाळ तिथे पहाटे साडेतीनला टक्क जागं. पहिले दोन-तीन दिवस ओढाताण न करता लवकर उठा, लवकर झोपा, बेकऱ्या 6-7ला उघडतात आणि एरवी माणसांनी भरलेला चौक तेव्हा तुमचाच असतो. उलट अडचण संध्याकाळची, जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड, बाळाला वाटतं दुपारच आहे. खिडकीला बाहेरून ओढायचं शटर आहे का ते घरमालकाला विचारा, नसेल तर चिमटे आणि गडद रंगाची ओढणी. दिवसाचा प्लॅन एकच ठेवा. सकाळची एक जागा, मग झोप स्ट्रोलरमध्ये, मग बाग. व्हिएन्नाचं शॉनब्रुनचं प्राणिसंग्रहालय 1752 पासूनचं, जगातलं सगळ्यात जुनं, तिथे अर्धा दिवस सहज जातो.

स्वित्झर्लंडला गेल्यावर सगळ्यांना युंगफ्राऊयोख करायचंच असतं. ते डोंगरावरचं रेल्वे स्टेशन 3,454 मीटरवर आहे आणि माझ्या मते तान्ह्या बाळाला नेऊ नये, हवा विरळ, चढण भराभर, आणि कान दुखतंय हे त्याला सांगता येत नाही. फ्रान्समधल्या 3,842 मीटरच्या एग्वी द्यु मिदी शिखरावर तर 3 वर्षांखालच्यांना सोडतच नाहीत. त्यापेक्षा स्वित्झर्लंडमधलाच रिगी डोंगर घ्या, 1,798 मीटर, 1871 पासूनची दातेरी रुळांची गाडी, बर्फाच्या रांगा समोर दिसतात. फारच हौस असेल तर दोघांनी आळीपाळीने वर जा, दुसऱ्याने खाली बाळ सांभाळायचं.

औषधं घरूनच न्या: पॅरासिटामॉल, ओआरएस, नाकात घालायचे सलाइनचे थेंब, थर्मामीटर आणि डॉक्टरांची चिठ्ठी. डोस बाळाच्या वजनावर डॉक्टरांकडून मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या. आपल्याकडच्या थेंबांची आणि सिरपचीच ताकद वेगळी असते, तिथे तर बाळांना बऱ्याचदा गुदद्वारातून द्यायची गोळी देतात, तेव्हा "अर्धा चमचा" या मापाचा उपयोग नाही. जर्मनी-ऑस्ट्रियात लाल ए असलेलं दुकान म्हणजे फार्मसी, इतरत्र बहुतेक हिरवा क्रॉस. रात्री-रविवारी पाळीपाळीने एखादी उघडी असते. इमर्जन्सी नंबर सगळीकडे 112.

परत आल्यावर घड्याळ उलटं फिरतं. रात्री आठला झोपायला शिकलेलं बाळ आता साडेअकराशिवाय डोळा मिटत नाही आणि सकाळी दहापर्यंत उठत नाही, त्यामुळे येताच दुसऱ्या दिवशी ऑफिस ठेवू नका, आणि आजी-आजोबांना बाळाला बघायला यायचं असेल तर दुपारनंतर बोलवा.