या चुका टाळा : गोव्याच्या पावसात घरची गाडी

माझ्या दिराची गाडी पाण्यात बंद पडली, त्याला तीन पावसाळे झाले. साखळीहून डिचोलीला येत होतो. सखल भागात रस्त्यावर पाणी भरलेलं, पण पुढची गाडी आरामात पार झाली म्हणून त्यानेही आपली घातली. मध्यावर इंजिनाने एक आचका दिला आणि गाडी गप्प झाली. मागून हॉर्न वाजायला लागले. सासूबाई मागच्या सीटवर देवाचं नाव घेऊ लागल्या. दिराने किल्ली फिरवली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आतून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला आणि मग किल्ली फिरवून काहीच होईना.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये मेकॅनिकने डिपस्टिक ओढून माझ्यासमोर धरली. एरवी काळपट दिसणारं तेल दुधाच्या चहासारखं झालं होतं, वर बारीक फेस. तो म्हणाला, "बाई, बंद पडली तिथवर बहुतेक निभावलं असतं. पुन्हा पुन्हा चालू करायला गेला ना, तिथे इंजिन गेलं."

हे वाक्य मी विसरलेले नाही. त्यानंतर आमच्या घरच्या आणि शेजारपाजारच्या गाड्यांचे बिघाड मी नीट बघत आले. मूळ दुखणं बरेचदा किरकोळ असतं आणि पुढच्या दोन मिनिटांत घाबरून किंवा घाईने आपण जे करतो, त्याचं बिल मोठं येतं.

पाण्यात बंद पडली तर किल्लीला हात नको

इंजिनात पिस्टन हवा दाबतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर अडतो आणि सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येऊन तो वाकतो. दिराच्या गाडीत हेच झालं. इंजिन उतरवावं लागलं.

म्हणून गाडी पाण्यात थांबली की इग्निशन बंद करा. पाणी वाढत असेल तर आधी माणसं बाहेर काढा, मुलं आणि म्हातारी माणसं सगळ्यांत आधी. मग गाडी न्यूट्रलमध्ये टाकून उंचावर ढकला आणि तिथून मेकॅनिकला फोन करा. तो प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढेल, एअर फिल्टर बघेल, तेल बदलेल, आणि त्यानंतरच इंजिन फिरवेल. एवढ्यावर भागलं तर खर्च आवाक्यात राहतो. विम्याच्या बाबतीतही हाच धडा आहे. पाण्यात बंद पडलेलं इंजिन पुन्हा चालू करताना मोडलं, तर साध्या पॉलिसीत तो दावा बहुतेक वेळा नाकारला जातो. इंजिनासाठी वेगळं जादा कव्हर मिळतं. नदीकाठच्या गावात राहणाऱ्यांनी पॉलिसी नव्याने करताना ते जरूर विचारावं.

मुळात पाण्यात घालावी की नाही? पुढची गाडी गेली हा पुरावा धरू नका. इंजिन हवा ओढतं ती नळी कुठल्या गाडीत वर असते, कुठल्या गाडीत हेडलाइटच्या मागे खाली असते. शिवाय समोरून बस आली की तिची लाट बॉनेटपर्यंत चढते. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत दिसलं तर आम्ही आता गाडी वळवतो, लांबच्या रस्त्याने अर्धा तास जास्त लागला तरी. वाहत्या पाण्यात तर घोट्याइतकं असलं तरी घालत नाही, कारण खालचा रस्ता शाबूत आहे की वाहून गेला हे वरून कळत नाही. उथळ साचलेल्या पाण्यातून जायचंच असेल तर पहिला गिअर, एकसारखा संथ वेग, आणि समोरचं वाहन पूर्ण बाहेर पडेपर्यंत थांबायचं. पलीकडे गेल्यावर हळू चालवत ब्रेक दोन-चार वेळा अलगद दाबा. ओले ब्रेक पहिल्या दाबाला धरत नाहीत.

हँडब्रेक ओढून गावाला जाऊ नका

ही चूक आमच्याकडे जवळपास प्रत्येक घरी झालेली आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. भर पावसात गाडी अंगणात लावली, सवयीने हँडब्रेक करकचून ओढला आणि आठ-दहा दिवस पुण्याला किंवा मुंबईला गेलो. परत येऊन गिअर टाकला तर गाडी पुढे जायच्या ऐवजी मागून खाली बसते, जणू कोणी शेपूट धरून ठेवलंय. मागच्या चाकांतल्या ड्रम ब्रेकचे शू, म्हणजे ड्रमला आतून घट्ट धरणाऱ्या पट्ट्या, गंजून ड्रमला चिकटलेले असतात.

इथे लोक अॅक्सिलरेटर दाबून जोर लावतात. शूवरचं अस्तर, म्हणजे लायनर, उखडून आत अडकतं ते त्यामुळेच. आधी हँडब्रेक पूर्ण सुटलाय ना ते बघा. मग पहिला आणि रिव्हर्स असे आळीपाळीने टाकून गाडी वीतभर पुढे, वीतभर मागे होते का, हलक्या हाताने बघा. बरेचदा मागून 'टक्क' असा आवाज येऊन चाक सुटतं. दोन-तीन प्रयत्नांत सुटलं नाही तर मेकॅनिकला घरी बोलवा. तो चाक काढून ड्रमवर हातोडीने हलके ठोके देतो आणि काम होतं. सपाट जागेवर गाडी बरेच दिवस ठेवायची असेल तर पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना पुढून-मागून लाकडाचे ठोकळे लावा. ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये ठेवून ठोकळे लावा. हँडब्रेक सैलच राहू द्या. चढावर मात्र हँडब्रेक हवाच, तेव्हा शेजाऱ्याला किल्ली देऊन दोन-तीन दिवसांनी गाडी थोडी फिरवायला सांगा. त्यात बॅटरीही जिवंत राहते.

अंगणात गाडी लावताना वर बघा. माडाखाली तर नकोच. आंब्या-फणसाखाली लावलीत तर पुढच्या काचेच्या तळाशी, वायपरच्या खालच्या जाळीत पाला साठतो. पाणी जायची वाट बुजली की ते आत उतरतं आणि शेजारच्या सीटखालचा गालिचा भिजतो. गालिचा ओला दिसला की लोक कापडाने टिपतात आणि पुढे जातात. एवढ्यावर सोडू नका, ओल कुठून आली ते शोधा. पाणी स्वच्छ असेल तर एसीची निचऱ्याची नळी किंवा ती जाळी तुंबली आहे. पाणी चिकट, गोडसर वासाचं असेल तर आतून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, गळतंय, आणि ती गाडी त्याच दिवशी गॅरेजला जायला हवी.

काटा वर गेला तर झाकणाला हात नको

पर्वरीच्या कोंडीत अर्धा तास अडकलं की टेंपरेचरचा काटा चढताना मी दोनदा पाहिलाय. अशा वेळी एसी बंद करा आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात. गाडीत घाम फुटेल, पण इंजिनातली बरीच उष्णता त्या वाटेने बाहेर येते. तरी काटा उतरला नाही तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि निदान अर्धा तास बॉनेटखाली हात घालू नका.

रेडिएटरच्या आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण उघडताच दाब सुटतो, सगळं एकदम उकळतं आणि कारंज्यासारखं वर येतं. आमच्या शेजारच्या काकांनी हाताला जाड टॉवेल गुंडाळून झाकण फिरवलं होतं. टॉवेल भिजला आणि कोपरापर्यंत हात भाजला. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतणं हीही तेवढीच मोठी चूक आहे, सिलिंडर हेडला तडा जाऊ शकतो. सगळं गार झाल्यावर कूलंट टाका, नसेल तर घरी पोचण्यापुरतं साधं पाणी. पण विहिरीचं पाणी कायमचं ठेवू नका, त्यातल्या क्षारांचा थर आत बसतो आणि गंज धरतो.

घाटाचं थोडक्यात सांगते. बेळगावहून चोर्ल्याने खाली केरीकडे येताना बरेच जण पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकतात. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर टाकून पाय काढला की इंधनाचा पुरवठा आपोआप तुटतो, म्हणजे न्यूट्रलमध्ये काही वाचत नाही, उलट सगळा भार ब्रेकवर येतो. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, उतार जास्त असेल तर पहिल्यात. ब्रेक जळल्याचा वास आला किंवा पेडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं तर जागा बघून थांबा, चाकांवर पाणी न ओतता आपोआप गार होऊ द्या. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं, आणि आपल्या हवेत ओलीला तोटा नाही. नव्या डॉट ४ फ्लुइडचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश सेल्सिअस असतो. ओल धरलेल्याचा १५५ पर्यंत उतरू शकतो. तेवढं तापलं की नळीत वाफ होते आणि पेडल थेट जमिनीला टेकतं. दर दोन वर्षांनी फ्लुइड बदलून घ्या, गाडी कमी चालली असली तरी.

घाटात धुकं असताना चारही इंडिकेटर लावून गाडी चालवू नका. तुम्ही कुठे वळणार हे मागच्याला कळत नाही. हेडलाइट लो बीमवर ठेवा. काच आतून धूसर झाली की फडक्याने पुसत बसण्यापेक्षा एसी लावा आणि बाहेरची हवा आत घ्या. पाच माणसांचा श्वास आतल्या आत फिरत राहिला तर काच पुन्हा पुन्हा धरते.

टायरची हवा गाडी गार असताना, सकाळी तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, आणि भरलेल्या गाडीसाठी तिथे वेगळा आकडा दिलेला असतो. पंपावरच्या मुलाने 'सगळ्यांना तीस' म्हटलं तरी आपला आकडा सांगा. खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं म्हणजे खोली १.६ मिलिमीटरवर आली आणि टायर संपला. ओल्या रस्त्यासाठी मी त्याच्या बऱ्याच आधी बदलते. वायपरचं रबर एप्रिल-मेच्या उन्हात कडक होतं, ते मिरग लागायच्या आधी बदला. समुद्रकाठी राहणाऱ्यांनी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवावी, आणि दारांच्या खालच्या कडेची पाणी निथळायची भोकं काडीने मोकळी करावीत. गंज तिथूनच सुरू होतो.

आणि चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. या एका सणात एरवीची जबाबदार माणसं सगळे नियम बाजूला ठेवतात. पाच जणांच्या गाडीत आठ जण, पुढच्या सीटवर मांडीवर बाळ, मागच्या काचेखालच्या फळीवर माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळांच्या सजावटीचा नारळ. मांडीवरचं मूल जोराच्या ब्रेकला कोणत्याही आईच्या हातात राहत नाही, आणि एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुटते, ती थेट त्याच्यावर. मागच्यांनीही बेल्ट लावायचा असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे बेल्ट नसेल तर १००० रुपये दंड आहे, चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा बालसीटशिवाय बसवलं तरीही तेवढाच. फळीवरचा नारळ ब्रेक लागताच मागून डोक्यावर येतो. जड सामान डिकीत, तळाला.

दिराशी या गोष्टीवरून माझं दोन वर्षं वाजलं. गेल्या चवथीला त्याने स्वतःहून दोन फेऱ्या केल्या. पहिल्या फेरीत माणसं, दुसऱ्या फेरीत माटोळी आणि भांडी. सत्तरी तालुक्यातल्या घरी पोचायला तासभर उशीर झाला, आणि सासूबाईंनी पूजा तेवढा वेळ थांबवून ठेवली.