पेशंट आयसीयूत असताना नातेवाइकांनी या चुका टाळाव्यात

आयसीयूच्या दाराशी मला हमखास विचारलं जातं, "सिस्टर, बाबांनी आयुष्यभर डोकेदुखीची गोळीसुद्धा टाळली. मग त्यांना अँटिबायोटिक लागू का पडत नाही?"

पहिली चूक या प्रश्नातच आहे. औषधाची सवय शरीराला लागत नाही. औषधाला दाद देत नाही तो जंतू. क्लेब्सिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर, स्युडोमोनास ही नावं आमच्या रिपोर्टांवर सारखी दिसतात. रुग्णालयात औषधांचा मारा सोसून जे जंतू तगले, तेच शेजारच्या खाटेवरून कुणाच्या तरी हातावर बसून बाबांपर्यंत पोचू शकतात. शिवाय प्रतिकाराचा जनुक एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. एनडीएम-1 हे जंतूंनी बनवलेलं एन्झाइम मेरोपेनेमसारखं जोरदार अँटिबायोटिक निकामी करतं, आणि त्याचा जनुक असाच हस्तांतरित होतो.

म्हणून हातांबद्दल मी इतकी कटकट करते. बहुतेक जण दारातून आत येताना एकदा हँडरब (हात स्वच्छ करायचं अल्कोहोलचं द्रव) चोळतात, मग मोबाईल पाहतात, खाटेचा कठडा धरतात आणि त्याच हाताने पेशंटच्या कपाळावरून हात फिरवतात. अ‍ॅसिनेटोबॅक्टर कोरड्या कठड्यावर कित्येक दिवस जिवंत राहतो. हात दारात नव्हे, पेशंटला स्पर्श करण्याच्या लगेच आधी स्वच्छ करायचे, आणि निघतानाही. हँडरब 20 ते 30 सेकंद, हात कोरडे होईपर्यंत चोळा. पेशंटला जुलाब होत असतील तर साबण-पाणीच वापरा, कारण काही जंतूंचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. आमच्यापैकी कुणी, अगदी मोठे डॉक्टरसुद्धा, हात न धुता पुढे आले तर टोका. मला टोकलंत तर मला बरंच वाटेल.

दुसरी चूक फार प्रेमापोटी होते: "पैशाची काळजी करू नका, सगळ्यात भारी इंजेक्शन द्या." भारी म्हणजे अधिक गुणकारी असं नसतं. त्या जंतूला लागू पडेल ते औषध चांगलं. ते ठरवायला रक्त, लघवी किंवा थुंकीचं कल्चर, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी, लागतं आणि नमुना शक्यतो अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी घ्यावा लागतो. रिपोर्टला साधारण दोन-तीन दिवस जातात. तोवर गंभीर पेशंटला थांबवून ठेवता येत नाही, म्हणून व्यापक मारा करणारं औषध सुरू होतं. नंतर रिपोर्ट पाहून डॉक्टर मेरोपेनेम बंद करून एखादं साधं, स्वस्त औषध देतात, तेव्हा घरचे घाबरतात. उपचार कमी केले, असं त्यांना वाटतं. खरं तर नेम धरून केलेले उपचार तिथे सुरू झालेले असतात. सगळी मोठी औषधं हरली की कोलिस्टिनकडे वळावं लागतं. मूत्रपिंडाला इजा करतं म्हणून एके काळी बाजूला ठेवलेलं हे जुनं औषध. कोंबड्या-जनावरांना ते देण्यावर भारताने 2019 मध्ये बंदी घातली, ते योग्यच झालं.

कल्चरमध्ये जंतू दिसला की औषध हवंच, हाही गैरसमज आहे. बरेच दिवस लघवीची नळी असलेल्या पेशंटच्या लघवीत जंतू सापडणारच. ताप नाही, इतर त्रास नाही, तर बहुतेकदा अँटिबायोटिक लागत नाही. दिलं तर उलट पुढच्या खेपेला अधिक हट्टी जंतू वाट पाहत असतो.

लघवीची पिशवी कमरेच्या खाली टांगलेली असू द्या, पण जमिनीवर टेकवू नका. पेशंटला हलवताना ती त्याच्या पोटावर ठेवू नका, लघवी उलटी आत जाते. आणि रोज विचारा, "ही नळी आज काढता येईल का?" हा प्रश्न नातेवाइकांनी विचारला की राऊंडवर त्याचा खरंच विचार होतो. लघवीची नळी, मानेच्या शिरेत घातलेली नळी, व्हेंटिलेटरची नळी, प्रत्येक नळी जंतूंना आत शिरायला एक वाट असते. आणखी चार दिवस असू दे, निदान चादर तरी ओली होणार नाही, असं कुणी सुचवलं तर मान्य करू नका.

डिस्चार्जनंतर गोळ्या मनाने बंद करू नका, मनाने वाढवूही नका. उरलेल्या गोळ्या शेजारच्या काकूंच्या सर्दीला द्यायच्या नाहीत.

राहता राहिली फाईल. बिलं जपून ठेवतात आणि कल्चरचा रिपोर्ट हरवतात, असं मी पुष्कळदा पाहिलंय. त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पुन्हा कुठेही दाखल व्हायची वेळ आली तर तो पहिल्याच तासात डॉक्टरांना दाखवा. पहिलं अँटिबायोटिक कोणतं द्यायचं, हे त्यावरून ठरू शकतं.