परदेशातल्या सिस्टरला पत्र आणि पार्सल पाठवायचं तर

माझी धाकटी बहीण सिस्टर, म्हणजे मठात राहणारी ख्रिस्ती धर्मभगिनी आहे. टांझानियात मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून सेवा करते. आमच्या वसईत अशी घरं पुष्कळ. कुणाचा मुलगा परदेशात फादर, कुणाची मावशी सिस्टर. नाताळ जवळ आला की शेजारपाजारचे विचारायला येतात, म्हणून सगळं लिहून काढते.

सिस्टरांनी दारिद्र्याचं व्रत घेतलेलं असतं. तुम्ही पाठवलेली वस्तू तिच्या एकटीची राहत नाही, मठातल्या सगळ्यांची होते. तेव्हा पार्सल सगळ्या मठासाठी भरा आणि पत्र फक्त तिच्यासाठी लिहा. एकच भारी शाल नको. सुती रुमाल, शिवणाचे दोरे-सुया, मिशनच्या शाळेतल्या मुलांना रंगपेट्या, जपमाळा, चहा मसाल्याची पाकिटं, असं वाटून घेता येईल ते द्या. काय हवं विचारलं तर ती ‘काही नको’च म्हणणार, तिच्या सोबतच्या सिस्टरला विचारा, खरं उत्तर मिळतं.

खाण्याच्या वस्तूंचा मोह सगळ्यांत मोठा. सुकेळी, सुकट, घरचा मसाला! सुकी मासळी आणि बी-बियाणं पोस्टाने पाठवूच नका. बिनलेबलच्या पुडीत काय आहे हे तिकडच्या कस्टमवाल्याला कळत नाही, म्हणून कंपनीचं छापील, सीलबंद पाकीटच घाला. घरचा मसाला सुट्टीवर आलेल्या एखाद्या फादर-सिस्टरबरोबर द्यावा. त्यांच्या बॅगेत गावातल्या इतर घरांचंही सामान असतं, तेव्हा पुडी लहान ठेवा, आत काय आहे ते त्यांना उघडून दाखवा. अत्तर, स्प्रे, सुट्या बॅटऱ्या, रोख पैसे पार्सलमध्ये घालू नका. औषधं विचारल्याशिवाय नकोत.

पत्ता इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत. टांझानियात टपाल बहुतेक पोस्टाच्या पेटीवर जातं, पत्त्यातलं ‘एस. एल. पी.’ आणि त्यापुढचा आकडा म्हणजे त्या पेटीचा नंबर, तो गाळू नका. खाली मठाचा फोन नंबर लिहा. काही सिस्टरांचं व्रतानंतरचं नाव वेगळं असतं; पार्सल सोडवताना ओळखपत्र लागतं, म्हणून पासपोर्टवरचं नाव लिहिलेलं बरं.

पोस्टात जाताना आधारची प्रत न्या आणि खोका चिकटवून नेऊ नका, आतलं पाहतात. वजनाप्रमाणे कुठली सेवा परवडते ते काउंटरवर विचारा. कस्टमच्या फॉर्मवर (सीएन २२ किंवा २३) नुसतं ‘भेटवस्तू’ लिहून भागत नाही. प्रत्येक वस्तू, नग, वजन, किंमत लिहा, आणि किंमत खरी लिहा. तिकडे ड्युटी लागली तर ती मठाला भरावी लागते, म्हणून महागडी वस्तू पाठवण्याआधी मठाच्या मदर सुपिरियरना विचारावं. पावती जपून ठेवा, ट्रॅकिंग नंबर तिला कळवा. नाताळचं पार्सल मी बांद्र्याच्या माउंट मेरीची सप्टेंबरातली जत्रा संपली की लगेच पाठवते. डिसेंबरपर्यंत थांबलात तर ते ईस्टरच्या उपवासात पोचायचं.

आता पत्र. व्हॉट्सॲपवर रोज बोलणं होत असलं तरी पत्र लिहाच. फोनवर आपण तब्येत विचारतो आणि ठेवतो. पत्रात बावखलात (वाडीतल्या तळ्यात) यंदा पाणी किती, वाडीतली केळी कशी आली, चर्चच्या सणाला बँड कुठला होता, कुणाच्या लग्नात कोण रुसलं, हे सगळं येतं. तिला तेच हवं असतं. घरातल्या पोरांना दोन-दोन ओळी लिहायला लावा, आणि फोटो छापून घाला. पत्रावर तारखेबरोबर अनुक्रमांकही टाका. मागचं पत्र पुढे आणि पुढचं मागे असं पुष्कळदा होतं, मधलं एखादं हरवलं तर तिला लगेच कळतं. दुःखाची बातमी मात्र आधी फोनवर सांगा, पत्रातून पहिल्यांदा कळू देऊ नका. आमची आजी गेली तेव्हा फोनवर कळवलं, मग मातीचा सगळा वृत्तान्त मी चार पानांत लिहिला: कोण कोण आले, कुठली गायनं म्हटली, कबरीवर कुठली फुलं होती. तिने ते पत्र मठातल्या सिस्टरांना वाचून दाखवलं आणि त्यांनी तिकडे आजीसाठी मिसा (चर्चमधला प्रार्थनाविधी) ठेवली.