जुनी कॉर्व्हेट विकत घेण्यापूर्वी

दुरुस्त करून विक्रीस काढलेली जुनी शेव्हरोले कॉर्व्हेट पाहायला जाताना रंगाच्या झळाळीवर भाळू नये. १९५३ च्या पहिल्या मॉडेलपासून या गाडीची बॉडी फायबरग्लासची आहे; त्यामुळे पत्र्यावर भरलेली लांबी (पुट्टी) शोधण्यासाठी आपण फिरवतो ते लोहचुंबक येथे निरुपयोगी ठरते, आणि गंज दडतो तो खालच्या पोलादी चेसिसमध्ये. म्हणून गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर घ्यावी आणि मागच्या चाकांच्या पुढे, जेथे चेसिस वर वळते, तेथे पेचकसाने टोचून पाहावे. पापुद्रे सुटले, तर सौदा तेथेच थांबवावा.

यवतमाळ-वर्ध्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा भर दुपारी उभ्या गाडीचे इंजिन २० मिनिटे चालू ठेवून तापमानाचा काटा पाहावा. गाडी सकाळच्या गारव्यातच दाखवण्याचा विक्रेत्याचा आग्रह मला नेहमी संशयास्पद वाटतो.

चेसिस क्रमांक कागदपत्रांशी स्वतः ताडून घ्यावा. ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील गाडीस २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज गाड्यांच्या ‘व्हीए’ मालिकेतील नोंदणी क्रमांक मिळतो. मात्र ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, तेव्हा तालुक्याच्या फेऱ्यांसाठी मोटारसायकलच ठेवावी.